गेली म्हटलं की सोडायची

धाकटीच्या हातून कधी काही पडत नसे, आणि वहिनीला नेमकी त्याचीच धास्ती होती.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशा बाईला लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण हे पडलं काचेचं दुकान. पुढे आरसे लावलेली खोली, मागे काच कापायचं लांबलचक टेबल, टेबलापलीकडे भिंतीला टेकून उभ्या केलेल्या मोठमोठ्या काचा, आणि कोपऱ्यात कडा घासायचं यंत्र. ते दिवसभर असं केकाटायचं की शेजारचा शिंपी कानात कापूस घालून शिवत बसे. इथे धरणाऱ्यापेक्षा सोडणाऱ्याला मान. ऐकायला विचित्र वाटेल, पण पडणारी काच धरायला जो हात पुढे करतो, त्याचा हात धड परत येईल याची हमी कुणी देत नाही. काच मोडली तर दुसरी कापता येते. हाताचं तसं नसतं.

माणसं चारच. मालक, मालकाची बायको, जिला येणारं-जाणारं सगळं वहिनीच म्हणे, कडा घासणारे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे घासूकाका म्हणत आणि ज्यांना ते मुळीच आवडत नसे, आणि आता ही धाकटी. धाकटी म्हणजे मालकाची बहीण. पन्नाशीला टेकली तरी धाकटीच. नवरा गेला, मुलं आपापल्या वाटेला लागली, तशी भावाकडे राहायला आली आणि घरात बसून बसून वैतागली. त्याच सुमाराला दुकानात काचा उचलणाऱ्या उंच्या नावाच्या पोराला दुसरीकडे काम मिळालं आणि तो निघून गेला. मोठी काच उचलायला दोन माणसं लागतात, म्हणजे एक जोडी हात कमी पडली.

"मग मी येते की," धाकटी म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

मालक खूश. घरचं माणूस, घरचे हात. "हिला तयार कर," तो बायकोला म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला. झालं, एवढंच. जसं काही पाव कापायला शिकवायचं होतं.

वहिनीनेच शिकवायचं, हे ठरलेलंच होतं. दुकानात जो कुणी आला त्याला तिनेच शिकवलं. ती स्वतः लग्नाआधी याच टेबलावर शिकली होती, सासऱ्यांच्या वेळच्या एका तिरसट मिस्त्रीच्या हाताखाली. तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक मुलगी शिकत होती. मोठी हसरी पोरगी. एकदा टेबलावरून तावदान सरकलं आणि तिने पटकन हात घातला. तावदान काही थांबलं नाही. माणसाच्या हातात आत काय काय असतं ते वहिनीने त्या दिवशी पाहिलं, आणि तेव्हापासून ती मटणाच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाते. ती मुलगी पुन्हा कामावर आली नाही. मिस्त्रीने त्यानंतर नियम केला, आणि मिस्त्री गेल्यावर तो नियम वहिनीने चालवला.

नियम साधा होता. काच सरकताना, तडकताना, डुगडुगताना ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, "गेली!" गेली म्हटलं की ती काच गेली. हातात धडधाकट असली तरी गेली. जेवढ्या जणांनी धरली असेल तेवढ्यांनी सोडायची, बाजूला उडी मारायची, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबायचे. काखेत अशासाठी, की मोकळे राहिले तर ते आपोआप पुढे जातात. हात फार मूर्ख असतात. डोक्याला न विचारता धावतात.

हे शिकवायचं म्हणजे नुसतं सांगून भागत नाही. मोडीतली काच नवख्याच्या हातात द्यायची, त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायचं, गप्पा मारायच्या, तो जरा सैलावला की एकदम ओरडायचं. त्याने काच जमिनीवर टाकली की तो शिकला. बरेचजण पहिल्यांदा बिचकतात, दुसऱ्यांदा टाकतात. टाकताना मजाही वाटते त्यांना. आयुष्यात दुसरीकडे कुठे मुद्दाम काच फोडायला मिळते?

धाकटीला हातमोजे दिले, मनगटाला पट्टे बांधले, हातात मोडीतलं तावदान दिलं. ती अगदी झोकात चालत निघाली. वहिनीने मुलांची चौकशी केली. धाकटी धाकट्या लेकाच्या घोरण्याबद्दल काही सांगायला लागली, आणि वहिनी ओरडली, "गेली!"

धाकटीने ती काच छातीशी कवटाळली.

दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला धरावं तशी. आणि वर हसून म्हणाली, "बघा! वाचवली की नाही?"

काचेची उघडी कड धाकटीच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"अगं, वाचवायची नाही! टाकायची!"

"अशी कशी टाकायची? चांगली धड तर आहे."

"मोडीतली आहे ती!"

"मग काय झालं? वस्तू आहे ना?"

घासूकाकांनी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ धाकटीकडे पाहिलं. "हिला ऑफिसात बसवा," ते म्हणाले आणि पुन्हा यंत्र चालू केलं.

वहिनीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. कधी कवटाळायची, कधी गुडघ्यावर झेलायची, एकदा तर काच खरंच सुटली तेव्हा पायाचा चवडा पुढे केला. पायाचा! धाकटी मात्र आनंदात. लहानपणापासून तिला याच गोष्टीची शाबासकी मिळालेली. आईच्या हातून निसटलेली बशी हिने जमिनीला टेकायच्या आत झेलायची, पाहुण्यांनी वा वा करायचं. आता ती खोड मोडायची कशी?

आणि खोड घरीही होतीच. एका संध्याकाळी ओट्यावरून सुरी घसरली. धाकटी पाठमोरी होती. कशी वळली, कसा हात खाली गेला, कुणाला कळलंच नाही. सुरी तिच्या हातात. मूठ हातात आली होती, पातं नाही. पण ते निव्वळ नशीब. तिने ती पाण्याखाली धरली आणि पुन्हा चिरायला लागली. वहिनी मात्र खुर्चीत बसूनच राहिली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की तीच हसरी मुलगी दिसे, पण तोंड धाकटीचं.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला भीती वाटते हिची. नका घेऊ हिला उचलायला. दुसरं कुणी बघा."

"तुला कुणाची भीती वाटत नाही ते सांग," मालक म्हणाला. "उंच्याच्या वेळीसुद्धा हेच. शिकेल ती. माझी बहीण आहे."

"म्हणून तर."

"आणि त्या पार्लरवालीचा आरसा पोचवायचा आहे. तिने दोनदा फोन केला. तो काय घासूकाकांकडून जिना चढवून घेणार आहेस?"

मग वहिनीने ठरवलं, हात जर डोक्याला विचारत नसतील तर हातांनाच शिकवायचं. दुकानात, घरात, उठता बसता. धाकटी ताट घेऊन चालली की वहिनी ओरडे, "गेली!" धाकटीने ताट टाकलंच पाहिजे. उशी नेताना "गेली!", धुतलेल्या कपड्यांची बादली नेताना "गेली!" घर म्हणजे युद्धभूमी झाली. स्टीलची ताटं दणादण आपटायची, कपडे पुन्हा धुवावे लागायचे, खालच्या मजल्यावरची बाई येऊन विचारून गेली की सगळं ठीक आहे ना, भांडण तर नाही ना. मालक सुरुवातीला दचकायचा. "अगं, काय चाललंय काय?" म्हणून ओरडायचा. मग त्याला सवय झाली. पुढेपुढे तर शेजारी ताट आदळलं तरी तो टीव्हीवरची नजर काढेना. "चालू दे तुमची शाळा," एवढंच म्हणायचा आणि आवाज वाढवायचा.

धाकटी रडकुंडीला आली. पण पोरगी जिद्दीची. हळूहळू तिच्या हातात फरक पडायला लागला. आधी ती घट्ट धरून मग टाकायची. मग नुसती थबकून टाकायची. आणि एका सकाळी, दुकानात, मालकाने नुकतीच मापात कापलेली एक खरीखुरी चांगली काच ती टेबलावरून नेत असताना वहिनीने ओठ चावला, मन घट्ट केलं आणि ओरडली, "गेली!"

खळ्ळकन आवाज झाला. काच जमिनीवर, धाकटी भिंतीला, हात काखेत.

घासूकाकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. धाकटी तशीच उभी, हात काखेत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. वहिनीने तिला मिठी मारली. मालक मात्र तुकड्यांकडे बघत होता. "अगं, ती कापून दिलेली होती मी!" तो म्हणाला. "मोडीतली नव्हती का मिळत?"

वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. पण भीती अशी हसण्याने जात नाही. ताट टाकणं वेगळं, काच टाकणं वेगळं, आणि लोकांच्या जिन्यात आपल्या सख्ख्या भावाच्या समोर, त्याच्याहून मोठा आरसा टाकणं वेगळं. ऐन वेळी हिचे हात जुन्या वळणावर गेले तर? पार्लरचा आरसा घेऊन निघाले त्या दिवशी वहिनी गाडीत बसली तेव्हाही तिची नजर धाकटीच्या हातांवर होती. धाकटी मांडीवर हातमोजे ठेवून खिडकीबाहेर बघत होती. मालक गाडी चालवता चालवता गाणं गुणगुणत होता.

पार्लर वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, मध्ये एक वळण, वळणावर लोखंडी कठडा. आरसा माणसापेक्षा उंच. मालक खालच्या बाजूला, कारण वजन खाली येतं. धाकटी वरच्या बाजूला, उलटी चालत, एकेक पायरी टाचेने चाचपत. वहिनी वळणावर उभी राहून वाट सांगत होती. धाकटीच्या मनगटावरचा पट्टा किंचित सैल दिसत होता, तो आधी का नाही दिसला, म्हणून ती स्वतःलाच शिव्या देत होती.

"उजवीकडे घे. आणखी. थांब. आता उचला."

"अगं, दिसतंय मला," खालून मालक म्हणाला.

"तुम्हाला नाही, तिला सांगतेय!"

"बरं बाई, तिला सांग."

वर पार्लरवालीने दार उघडून धरलं होतं आणि "सांभाळून हं, सांभाळून" असं म्हणत होती. असं म्हणून कुणी अधिक सांभाळत नाही. धाकटीने वळण घेतलं. आरसा तिरका झाला. खालचा कोपरा कठड्याला लागला. लागला म्हणजे काय, नुसता टेकला. टिक् असा आवाज झाला, बोटाने टिचकी मारावी एवढाच.

वहिनीने पाहिलं. कोपऱ्यापासून एक रेघ निघाली आणि आरशात वर पळत गेली. आरशात धाकटीची पाठ नव्हती, मालकाचं तोंड नव्हतं, वहिनीचं स्वतःचं तोंड होतं, आणि रेघ त्या तोंडातून गेली.

"गेली!"

धाकटीने सोडली. किती चटकन सोडली म्हणून सांगू! अजून वहिनीच्या तोंडातून शब्द पुरता बाहेर पडला नव्हता, आणि धाकटी भिंतीला चिकटली होती. हात काखेत, मान वळवलेली, डोळे मिटलेले. शिकवलं तसं. अगदी शिकवलं तसं.

मालक तसाच उभा होता. दोन्ही हातांनी आरसा धरून.

"अहो, सोडा! सोडा ना!" वहिनी किंचाळली. पण तोवर वरचा अर्धा भाग सुटला होता. तो खाली आला तो सरळ, तुकडे न होता, गुळगुळीत घसरत, आणि त्याच्या दोन्ही हातांवरून पुढे गेला. मग फुटला. मालक खाली बसला. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि आश्चर्य वाटल्यासारखं "अरे" म्हणाला.

पुढचं वहिनीला तुटक तुटक आठवतं. तुकड्यांवरून ती कशी उतरली, एप्रनची नाडी कोपराच्या वर किती जोराने आवळली, पार्लरवाली फोनवर पत्ता सांगताना स्वतःच्याच रस्त्याचं नाव कशी विसरली. धाकटी भिंतीपासून हलली नव्हती. हात अजून काखेत. "हात काढ!" वहिनी ओरडली. "हात काढ आणि इकडे ये, धर हे!" तेव्हा कुठे ती हलली.

दवाखान्यात मालकाला आत नेलं आणि दार बंद झालं. व्हरांड्यात बाकं होती. धाकटी बसली नाही. एप्रनला डाग लागलेले, केसांत काचेचा भुगा.

"वहिनी, मी सोडली म्हणून त्याच्यावर आली ना?"

"नाही."

"मी धरून ठेवली असती तर..."

"तर तूही आत असतीस."

"पण तो नसता. मला धरता आली असती, वहिनी. तुम्हाला माहितीय, मला धरता आली असती. तुम्हीच तर माझी सवय मोडलीत."

यावर वहिनीकडे उत्तर होतं. काच तडकली होती, धरली तरी ती येणारच होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण ती बंद दाराकडेच बघत राहिली. कारण एक प्रश्न तिला जिन्यापासून कुरतडत होता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. त्याने का नाही सोडली? धाकटीची भीती, तिच्या हातांची भीती, तिच्या मनगटाच्या पट्ट्याची भीती. इतके दिवस भ्यायली ती, पण या माणसासाठी एकदाही भ्यायली नव्हती.

डॉक्टरीण बाहेर आली. जिवाला धोका नाही म्हणाली. डाव्या हाताचं फारसं नाही. उजव्याच्या शिरा आणि बोटं ओढणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या तुटल्यात, जोडल्यात, पण बोटं मिटतील की नाही ते आताच सांगता येणार नाही. एकाच माणसाने आत जावं.

वहिनी आत गेली. मालक उशीला टेकून पडला होता. दोन्ही हात पांढरेफेक गुंडाळलेले, पांघरुणावर ठेवलेले. तोंडाला रंग नव्हता. तिला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"तिला लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही. काही नाही लागलं."

"बरं झालं. छान टाकली ना तिने? मी बघत होतो. म्हटलं, वा, शिकली की."

वहिनीने पलंगाची दांडी धरली. "अहो, मी ओरडले ते ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं ना. स्पष्ट ऐकलं."

"मग का नाही सोडली?"

मालकाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती उगाचच सोप्या गोष्टीचा घोळ घालतेय. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "मला काय माहीत खरं आहे म्हणून? मला वाटलं, तुमची शाळा चाललीय. म्हटलं, ही बाई लोकांच्या जिन्यातसुद्धा सराव घेतेय. तिने सोडली, म्हणून मी आणखी घट्ट धरली. एवढा मोठा आरसा, कुणीतरी धरायला नको का?"

एवढं बोलून तो दमला आणि त्याने डोळे मिटले. वहिनी उभीच राहिली. मिस्त्रीने सगळ्यांना त्या भिंतींमध्ये चालवलं होतं, तेव्हा हा मालकाचा मुलगा म्हणून खुर्चीत बसून होता. मालकाच्या मुलावर कोण ओरडणार? पुढे तो मालक झाला, आणि मालकाला काय शिकवायचं? उंच्याला शिकवलं, घासूकाकांना या वयात शिकवलं, धाकटीला तर ताटं आपटून आपटून शिकवलं. तो रोज तिथेच होता. टीव्हीसमोर, हातभर अंतरावर. तिचा तो एक शब्द हजारदा त्याच्या कानावर पडला होता, आणि दर वेळी त्याचा अर्थ एवढाच होता, की तुला नाही, तू बस.

ती बाहेर आली. धाकटी दारातच होती, हात एकमेकांत गुंतवून, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"काय म्हणाला तो? वहिनी, सांगा ना. माझ्यावर रागावलाय का?"

खोटं बोलणं सोपं होतं. काही म्हणाला नाही, झोपलाय, असं म्हणता आलं असतं, आणि मग ही बाई जन्मभर पुन्हा प्रत्येक पडणाऱ्या वस्तूला हात घालत राहिली असती. वहिनीने तिचे दोन्ही हात सोडवून आपल्या हातात घेतले. ते गरम होते, धड होते, दहाही बोटं हलत होती.

"तुझं कौतुक करत होता," ती म्हणाली. "तू अगदी बरोबर केलंस. त्याला मी शिकवलंच नव्हतं गं."